दोन पेट्यांमधला कागद

"पुन्हा क्षमाच," माझ्या मागच्या बाकावरून नर्सबाई पुटपुटल्या. "गेल्या रविवारी झाडाची क्षमा, त्याच्या आधी नदीची. आता काय कोबीची काढणार आहे ही?"

"हळू," त्यांच्या शेजारी बसलेला शिंपी म्हणाला. "ती पुढेच बसलीय."

"बसू दे की. ती उघड लिहिते, मग मी का लपून बोलू?"

मी मान वळवली नाही. हातातल्या पत्रकाची घडी घातली, ती उलटी पडली म्हणून उलगडून परत घातली. उपासनेत पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही. डोक्यात कोबी होता.

आमच्या मंडळीचं दर आठवड्याला चार पानी पत्रक निघतं. पहिल्या पानावर पाळकांचा संदेश, मधे आजाऱ्यांची नावं, वाढदिवस आणि छपरासाठी वर्गणीची आठवण. शेवटचं पान माझं. देव क्षमा कशी करतो हे मला प्रवचनांतून कधी धड समजलं नाही, म्हणून मी बाहेर बघायला लागले, आणि दिसलं ते लिहायला लागले. प्रार्थनागृहामागच्या झाडाला कुणीतरी कुंपणाची तार गुंडाळून ठेवली होती. झाडाने ती तार थुंकून टाकली नाही, तिच्यामुळे ते मेलंही नाही. वर्षावर्षाने सालीखाली घेतली. आता नुसता एक वळ दिसतो. मी लिहिलं की देव तार नव्हतीच असं म्हणत नाही, तो तिच्यासकट वाढतो. शिंप्याने ते पान कापून दुकानात शिलाई मशीनच्या वर चिकटवलं. नर्सबाईंनी ते वाचून विचारलं, "आणि तार कुणी गुंडाळली, त्याचं काय?"

नर्सबाईंनी अर्ध्या मंडळीला कधी ना कधी इंजेक्शन दिलेलं आहे, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणाचा ताठा चालत नाही. त्या दिवशी उपासना संपल्यावर त्यांनी मला चपलांपाशी गाठलं.

"ऐकलंस ना मगाशी?"

"ऐकलं."

"बरं झालं. अकरा वर्षं वाचतेय मी तुझं. चांगलं लिहितेस, नाही असं नाही. पण बाई गं, तुला ज्याला कुणाला माफ करायचंय त्याला एकदाचं करून टाक. दर रविवारी आम्हाला कशाला पिळतेस?"

मी हसले. घरी येईपर्यंत तेच हसू तोंडावर तसंच अडकून राहिलं होतं. मला कुणालाच माफ करायचं नव्हतं. घोळ तिथेच होता.

*

घरात आम्ही दोघं, बाबा आणि मी. बाबा एक्याऐंशीचे. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात खात आणली आणि आता मधे नाण्याएवढं उजेडाचं भोक उरलंय. त्यातून ते माझ्याकडे बघतात तेव्हा चावीच्या भोकातून कुणी बघतंय असं वाटतं. मी मागच्या खोलीत मेणबत्त्या करते. जुन्या पोळ्यांचं मेण पाण्यावर ठेवून वितळवायचं, फडक्यातून गाळायचं, वाती बुडवून भिंतीवरच्या तारेला टांगायच्या. वेदीवरच्या उंच मेणबत्त्या इथूनच जातात. त्यांच्यासाठी मी मेण उन्हात ठेवून पांढरं करून घेते. लोक म्हणतात, तुमच्या घराला काय छान वास येतो. मला तो वास अकरा वर्षांत आलेला नाही.

हे मेण पूर्वी आमच्याच मधमाशांचं असायचं. बाबांच्या बावीस पेट्या होत्या. आता माशा असलेली एकच आहे.

काय झालं ते सांगून टाकते, कारण हे मी पत्रकात कधी लिहिलेलं नाही.

फळबागा फुलायचे दिवस होते आणि बाबा तापाने पडले होते. फळ धरावं म्हणून पेट्या बागेत ठेवायचा बागवाल्याला शब्द दिलेला, आणि फुलं कुणाच्या तापासाठी थांबत नाहीत. माशा संध्याकाळी घरी आल्या की पेट्यांची दारं बंद करायची, ट्रकवर चढवायच्या, सकाळी बागेत नेऊन उघडायच्या, एवढंच ते काम. ट्रक माझा धाकटा भाऊ नेणार होता. लहानपणी तो सारखा काहीतरी गुणगुणत हिंडायचा म्हणून त्याला सगळे भुंगा म्हणतात. दारं बंद करायची जबाबदारी माझी.

पेटीचं दार म्हणजे तळाशी असलेली बोटभर उंचीची फट. प्रवासात त्या फटीवर जाळीची पट्टी ठोकतात, म्हणजे माशा बाहेर पडत नाहीत आणि हवा आत जात राहते. जाळीच्या पट्ट्या मला नऊच सापडल्या. लाकडाच्या मात्र कोपऱ्यात रचून ठेवलेल्या होत्या. गांधीलमाश्या त्रास द्यायला लागल्या की फट अरुंद करायला आम्ही त्या वापरायचो. अंधार पडत होता. बाबा आतून हाका मारत होते, "झालं का? झालं का?" मी म्हटलं, चार तासांचा तर रस्ता. तेरा पेट्यांना मी लाकूड ठोकलं. दोन्ही टोकांना दोन-दोन खिळे, एकावर एक. ही माझी सवय. एका खिळ्यावर माझा विश्वास बसत नाही.

वाटेत पूल बंद होता. चार तासांचे बारा झाले आणि वर ऊन आलं. पेट्या तोंडं आतल्या बाजूला करून रचलेल्या, त्यामुळे भुंग्याला काही दिसलं नाही, नुसता आवाज वाढत गेलेला ऐकू आला. त्याने आपलं प्यायचं पाणी पेट्यांवर ओतलं. मग खालच्या ओढ्यातून बुटात भरभरून पाणी आणलं. हे मला वहिनीने फार नंतर सांगितलं. बागेत पोचला तेव्हा नऊ पेट्या गुणगुणत होत्या आणि तेरा गप्प. वितळलेलं मेण आणि मध ट्रकच्या फळ्यांतून रस्त्यावर ठिबकत होतं.

तो परत आला तेव्हा बाबा अंथरुणातून उठून दारात उभे राहिले आणि चार शेजाऱ्यांसमोर म्हणाले, "झोपला असशील. माझ्या माशांपेक्षा तुला झोप प्यारी."

भुंग्याने माझ्याकडे एकदाच बघितलं. काही बोलला नाही. मीही नाही.

लाकडी पट्ट्या ट्रकमध्ये नव्हत्या. त्या कुठे गेल्या ते मी कधी विचारलं नाही. देवानेच झाकलं, असं स्वतःला समजावलं. देवाच्या नावावर माणूस काय काय खपवतो! आठवड्याभरात भुंगा घर सोडून गेला. दुसऱ्या गावात बस दुरुस्त करायच्या कारखान्यात लागला, तिथेच लग्न केलं. आई गेली तेव्हा आला, खांदा दिला, चहा न घेता गेला. उरलेल्या नऊ पेट्या हळूहळू कमी होत गेल्या. बाबांनी पुन्हा कधी पेट्या बागेत नेल्या नाहीत.

आणि त्याच महिन्यात जुन्या पाळकांनी विचारलं, "पत्रकाचं शेवटचं पान रिकामं जातं, काही लिहिशील का?" मी क्षमेवर लिहायला बसले. चोराने कुलपांचं दुकान काढावं तसं.

रोज रात्री जेवणाआधी बाबा आणि मी प्रभूची प्रार्थना म्हणतो. क्षमेच्या ओळीशी आलो की बाबांना खोकला येतो. अकरा वर्षं, न चुकता, त्याच ओळीला. ती ओळ मी एकटी म्हणते, पुढच्या ओळीला ते येऊन मिळतात. मी मनात म्हणायची, मुलाला माफ करणं यांच्या घशातून उतरत नाही. आणि वाटायचं, सांगून टाकावं. बाबा, ज्याच्यावर रागावलायत त्याने काही केलं नाही, जिने केलं ती इथे तुम्हाला पाव कापून देतेय. मग मी पाव कापून द्यायची.

*

नर्सबाईंच्या कोबीनंतर दोन दिवसांनी बाबांनी मला अंगणात बोलावलं. ते पेटीला कान लावून बसले होते, डॉक्टर छातीला लावतात तसे.

"ऐक."

मी ऐकलं. नेहमीचा एकसुरी आवाज नव्हता. मधेच चढत होता, मधेच खाली येत होता, कुणी झोपेत कण्हावं तसा.

"राणी गेली," बाबा म्हणाले.

मी झाकण काढून पोळ्यांच्या चौकटी एकेक करून बघितल्या. माशा भरपूर होत्या, पण अंडं एक नव्हतं, अळी नव्हती. नवी राणी करायची तर आठवडाभराची अळी उपयोगाची नाही, अगदी कोवळी लागते, आणि ती वेळ निघून गेलेली होती. तसंच राहू दिलं असतं तर महिन्या-दीड महिन्यात एकेक माशी म्हातारी होऊन संपली असती. मागे रिकामी पेटी.

"दुसऱ्या पेटीशी जोडावी लागेल," बाबा म्हणाले. "राणी असलेल्या."

"आपल्याकडे दुसरी कुठे आहे?"

बाबा बोटांनी पेटीच्या झाकणावर टकटक करत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "असेल की कुणाकडे तरी."

या कुणाकडे तरीला नाव होतं, पण ते आमच्या घरात अकरा वर्षांत घेतलं गेलेलं नव्हतं.

मी मेणाच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि वहिनीला फोन केला. तिचा-माझा फोन चालतो. आम्ही दोघी भुंग्याबद्दल सोडून सगळं बोलतो.

"वन्सं, आमच्या गच्चीवर चार पेट्या आहेत," ती म्हणाली. "एक अगदी छोटी आहे, पण राणी चांगली आहे. हे म्हणत होते, एवढ्याशा माशांनी ती काही हिवाळा काढणार नाही."

"मग तू विचारशील?"

"मी कशाला विचारू? तुमचा भाऊ आहे, तुम्ही विचारा."

"वहिनी, अगं..."

"हे इथेच बसलेत," ती म्हणाली आणि फोन त्याच्या हातात दिला. बायकांना दया नसते.

 मग तो म्हणाला, "राणी कधीपासून नाही?"

"तीन आठवडे असतील."

"माशा किती?"

"भरपूर. आठ चौकटी भरून."

"शनिवारी येतो. दुपारनंतर. पेपर काढून ठेव."

त्याने बाबांबद्दल विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पण फोन ठेवल्यावर मी ठरवलं की शनिवारी सांगायचं. दोघांसमोर. माशा काय, एक पेटी गेली तर जाईल. बाबा मात्र एक्याऐंशीचे आहेत, आणि भुंगा या घरात पुन्हा कधी येईल याचा भरवसा नव्हता. शुक्रवारी पाळकांचा निरोप आला, शेवटचं पान अजून आलं नाही. मी कळवलं, या आठवड्यात नाही. त्यांनी दोनदा विचारलं, बरी आहेस ना?

*

शनिवारी तो कारखान्याची छोटी गाडी घेऊन आला. केस पांढरे झालेत त्याचे, बाबांसारखेच, कानांवरून आधी. गाडीच्या मागच्या दारातून त्याने पेटी दोन्ही हातांत धरून उतरवली, झोपलेलं मूल उतरवावं तशी. तिच्या फटीवर जाळीची पट्टी होती. झाकणालाही जाळी होती. माझी नजर तिथून निघेना.

"बाबा कुठायत?"

"अंगणात. खुर्चीवर."

तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. बाबांनी मान तिरपी केली, त्या नाण्याएवढ्या उजेडात त्याला पकडायला.

"आलास," बाबा म्हणाले.

"हो."

"पूल उघडा होता का?"

मला वाटलं, आता संपलं. पण भुंगा म्हणाला, "नवीन बांधलाय तो. सहा वर्षं झाली." आणि पेटी खाली ठेवून बाह्या सरसावायला लागला.

"तुझी छोटी आहे," बाबा म्हणाले. त्यांनी पेटीला हात लावून बघितला होता. "वर ठेव ती."

"मला माहीत आहे, बाबा."

"माहीत असणारच. मीच शिकवलंय."

चहा मी तिघांचा केला. त्याने घेतला. मी कपाकडे बघत राहिले.

जोडायची पद्धत अशी आहे. दोन पेट्यांमधल्या माशा सरळ एकत्र केल्या तर त्या एकमेकींना मारतात. दोष कुणाचा नसतो, वास वेगळा असतो. म्हणून खालच्या पेटीचं झाकण काढायचं, तिच्यावर वर्तमानपत्राचा एक कागद पसरायचा, आणि त्यावर दुसरी पेटी तळाशिवाय ठेवायची. कागदाला टोचून दोन-चार बारीक भोकं पाडायची. खालच्या आणि वरच्या माशा आपापल्या बाजूने कागद कुरतडायला लागतात. एक-दोन दिवस जातात. तोवर भोकांमधून एकमेकींचा वास सगळीकडे पसरलेला असतो. कागद फाटून समोरासमोर येतात तेव्हा भांडण उरलेलं नसतं. तिसऱ्या दिवशी दारासमोर कागदाचा चुरा पडलेला दिसतो, माशांनी झाडून बाहेर काढलेला.

"पेपर?" भुंग्याने हात पुढे केला.

मी आत गेले आणि तेव्हा लक्षात आलं की घरात पेपर नाही. बाबांना दिसत नाही म्हणून तो दोन वर्षांपूर्वी बंद केलेला. भुंग्याने फोनवर सांगितलं होतं, मी हो म्हटलं होतं, आणि माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. रद्दीत होती ती फक्त पत्रकं. अकरा वर्षांची.

मी एक आणलं, जरा मोठ्या आकाराचं, वर्धापनदिनाचं.

भुंग्याने ते उलगडलं आणि मागची बाजू वर केली. "हे तुझं पान ना?"

"पसर आधी, माशा उघड्या आहेत."

"थांब गं." तो वाचायला लागला, मोठ्याने, बाबांना ऐकू जाईल असं. ते जमिनीवरचं पान होतं. मी लिहिलं होतं की जमिनीवर काहीही टाका, सालं, खरकटं, मेलेला पक्षी, ती कुणी टाकलं हे विचारत नाही, आणि वर्षभराने तिथेच गवत जास्त हिरवं येतं. देवाची क्षमा अशी असावी, असं मी लिहिलं होतं. हिशेब विचारत बसत नाही, कामाला लागते.

"छान आहे," तो म्हणाला.

"नर्सबाई म्हणतात, पुढे कोबीवर लिही."

"घरी सगळी आहेत. बायको जमवते. बसमध्ये वाचतो मी." त्याने कागद खालच्या पेटीवर पसरला, माझं पान वरच्या बाजूला. "आता माशांना वाचू दे. त्या तरी काही नावं ठेवणार नाहीत."

बाबा हसले. खरोखर हसले, दात नसलेल्या बाजूने. मला वाटलं, आता. आता सांग. पण ते हसू मोडायची हिंमत होईना.

"खिळा दे," भुंगा म्हणाला. "भोकं पाडायला."

मी खिशातून काढून दिले. त्याने तळहाताकडे बघितलं.

"एक पुरे," तो म्हणाला. "तुझं आपलं नेहमीचं. दोन."

आवाजात टोमणा नव्हता. आई एखाद्याचं लहानपणचं काही काढते तसं त्याने ते म्हटलं. पण त्या एका शब्दात मला कळलं की त्याला माहीत आहे. आजच नाही. अकरा वर्षं. पट्ट्या कुणी काढल्या असतील? दारं बागेत कुणी उघडली होती? इतकी सरळ गोष्ट, आणि मी ती कधी विचारलीच नव्हती, कारण विचारली असती तर कळली असती.

"भुंग्या," मी म्हटलं.

"हं."

"बाबा, तुम्हीही ऐका. त्या तेरा पेट्यांना लाकूड मी ठोकलं होतं. जाळीच्या पट्ट्या मिळाल्या नाहीत, मला घाई झाली होती. तो झोपला नव्हता. माशा माझ्यामुळे मेल्या." पुढे बोलायचं ठरवून ठेवलेलं होतं, पाठ केलं होतं, ते एकही वाक्य आठवेना. "एवढंच."

भुंगा कागदाला भोकं पाडत राहिला. एक, दोन, तीन. चौथं पाडून म्हणाला, "माहीत आहे, ताई. तुझे दोन-दोन खिळे उपसता उपसता माझी नखं गेली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"पट्ट्या ओढ्यात टाकल्या आणि घरी येईपर्यंत ठरवलं होतं, बाबांचा ताप उतरू दे, मग सांगू, चुकून झालं म्हणून. पण दारातच त्यांनी ते..." तो थांबला. "मग मलाही राग आला. तुझा नाही. म्हणजे, तुझाही आला. नंतर नंतर पान वाचायचो तेव्हा वाटायचं, ही रोज स्वतःला फटके मारतेय, आपण आणखी कशाला."

 मी बाबांकडे बघू शकत नव्हते. भुंग्याने वरची पेटी उचलून कागदावर ठेवली, कडा जुळवल्या, आणि जुळल्या का बघायला वाकला. आमची खालची पेटी त्याच तेरांपैकी होती, नंतर धुऊन पुन्हा वापरात घेतलेली. फेकायला बाबांनी एकही दिली नव्हती. वाकल्या वाकल्या त्याने तिच्या फटीच्या कडेवरून अंगठा फिरवला, उजवीकडे, मग डावीकडे.

"ही भोकं तू बुजवलीस?"

"कुठली?"

"खिळ्यांची. बघ ना. मेण भरलंय."

मी वाकून बघितलं. दोन्ही टोकांना दोन-दोन भोकं, एकावर एक, आणि चारीही भोकांत मेण भरून बोटाने सपाट केलेलं. माशा पेटीतल्या फटी बुजवतात, पण आतून, आणि काळपट डिंकाने. बाहेरून कधी नाही. हे मेण पांढरं होतं. वेदीच्या मेणबत्त्यांचं. माझ्या खोलीतलं.

"मी नाही," मी म्हटलं.

आम्ही दोघं एकदमच वळलो.

बाबांना खोकला आला. तो खोकला मी ओळखते, त्याची लांबी मला पाठ आहे. मी पाणी आणायला उठले तर त्यांनी हात वर करून थांबवलं, आणि तो संपेपर्यंत खुर्चीचा हात घट्ट धरून बसले.

"तेराही पेट्यांची बुजवलीत," ते म्हणाले. "तू गेलास त्याच आठवड्यात. पेट्या धुवायला घेतल्या आणि बोटाला लागली. दोन-दोन, एकावर एक. दुसरं कोण ठोकतं असं?" त्यांनी त्यांची ती चावीच्या भोकाएवढी नजर आधी माझ्याकडे आणली, मग त्याच्याकडे, आणि तिथेच ठेवली. "तू गेलेला होतास, ही घरात होती. मी म्हटलं, खरं बोललो तर हीही जाईल. म्हणून भोकं बुजवली आणि गप्प बसलो. पोरा, तू झोपला नव्हतास हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मी तुला परत बोलवायला हवं होतं आणि मी बोलावलं नाही. मला माफ कर."